बदलून बघू की बघून बदलू?

मंडळी, आज एक जरा हटके प्रश्न. बाहेर किती ऊन आहे, हे तुमच्या गाडीच्या इंजिनाला कोण सांगतं?

डॅशबोर्डवर चमकणारा तो बाहेरच्या तापमानाचा आकडा नव्हे, तो तुमच्या-माझ्यासाठी. इंजिनाचा स्वतःचा वेगळा खबऱ्या असतो. एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा काळा पाइप असतो ना, त्यात खोचलेला, करंगळीच्या पेराएवढा. नाव इनटेक एअर टेम्परेचर सेन्सर, गॅरेजच्या भाषेत आयएटी. काही गाड्यांत तो वेगळा दिसतच नाही. हवेचा दाब किंवा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या डबीतच बसलेला असतो. दिसायला अगदी फालतू, पण त्याच्या शब्दावर पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे ठरतं.

फंडा साधा आहे. गार हवा दाट, गरम हवा विरळ. म्हणजे इंजिनाने तेवढाच श्वास घेतला, तरी मे महिन्यात त्यात ऑक्सिजन कमी आणि जानेवारीत जास्त. जेवढी हवा तेवढंच पेट्रोल, हा हिशेब गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सेकंदाला कितीतरी वेळा मांडत असतो. शिवाय हवा तापलेली असेल तर ठिणगी जराशी उशिरा टाकावी लागते. नाहीतर सिलिंडरमधलं मिश्रण भलत्या वेळी भडकतं आणि चढावर इंजिनातून कटकट असा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते महिनोन् महिने चालू राहिलं, तर पिस्टनची वाट लागू शकते.

आता खबऱ्याच खोटं बोलायला लागला तर?

हा चॅप्टर मास कॉमच्या सिलॅबसमध्ये नव्हता. तो मला शिकवला बार्शीटाकळीच्या एका मिस्तरींनी. नकाशात शोधत असाल तर सांगते. अकोल्यापासून विसेक किलोमीटर, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. बाराव्या शतकातलं कालिकामातेचं दगडी मंदिर ही गावाची शान. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी हे गाव नुसतं 'टाकयी'. माझं हे आजोळ. आणि ऊन? अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला, तर लोक पेपर बाजूला ठेवतात आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठतात, बस.

माझी गाडी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, एमएच बारा. तिचे नखरे फेब्रुवारीतच सुरू झाले होते. चहाला दहा मिनिटं थांबून पुन्हा सेल्फ मारला की इंजिन लवकर उठायचं नाही. ट्रकला ओव्हरटेक करताना मागे काळ्या धुराचा फुगा. अॅव्हरेजही जरा उतरलेलं. पण चेक इंजिनचा पिवळा दिवा? एकदाही लागला नाही.

पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा प्लग बदलले. दुसऱ्यांदा थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले. तिसऱ्यांदा टाय लावलेला मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅम, फ्युएल पंप बदलून बघू. नाहीच झालं तर ईसीयू बदलून बघू." त्याने टॅबवर दाखवलेला आकडा माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढा होता. फ्रीलान्सरकडे दर महिन्याला पगार येत नाही, कधीकधी चेक येतो. मी 'कळवते' म्हटलं आणि मे महिन्यात मामेभावाच्या लग्नासाठी थेट टाकळीचा रस्ता धरला. पाचेकशे किलोमीटरच्या त्या प्रवासात दुपारनंतर चढावर कटकट सुरू झाली. पुण्यात ती कधी ऐकू आली नव्हती.

मामांनी दुसऱ्याच दिवशी मला त्यांच्या ओळखीच्या गॅरेजवर धाडलं. गॅरेज म्हणजे टिनाचं शेड, दारात कडुनिंब, सावलीत दोन ट्रॅक्टर आणि एक रुसलेली ऑटो. मिस्तरी साठीकडे झुकलेले. नाव देत नाही. 'पेपरात नाव नका टाकू' ही त्यांची एकच अट होती.

"दिवा लागला काय, ताई?"

"नाही."

"मंग तं गोष्ट कठीण हाय. दिवा लागला असता तं सोपी होती."

मला वाटलं, गंमत करताहेत. तेवढ्यात त्यांनी खिशातून मोबाइल काढला, स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर खोचला आणि इंजिन चालू करून आकडे बघत बसले. दहा मिनिटं. हात कशालाच लावला नाही. मग म्हणाले, "तुमचा कॉम्प्युटर पेट्रोल कापून रायला. उणे नऊ."

याचा अर्थ असा. सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो बघतो. पेट्रोल जास्त पडतंय असं दिसलं, की ईसीयू आपला हिशेब खाली खेचतो. माझ्या गाडीत तो ९ टक्के खाली खेचत होता. म्हणजे कोणीतरी सतत चुकीची माहिती देत होतं आणि दुसरं कोणीतरी ती मुकाट्याने निस्तरत होतं. ऑफिसात असा एकजण असतो बघा. टीममधला दुसरा एक्सेलमध्ये रोज घोळ घालतो, हा रोज रात्री बसून दुरुस्त करतो आणि बॉसला वाटतं, सगळं मस्त चाललंय! पण हा बिचारा इंजिन नुकतंच सुरू झालेलं असताना ड्युटीवर नसतो, कारण त्याला आधी तापावं लागतं. आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर ईसीयू त्याचं ऐकत नाही. माझ्या गाडीचा त्रास नेमका याच दोन वेळांना होता.

"मग आता काय बदलायचं?" मी पर्स चाचपत विचारलं.

"काईच नाही. गाडी इथंच ठेवा. सकायी सहा वाजता या. इंजिन गार पायजे."

सकाळी सहाला गेले. मिस्तरींनी चावी फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही. मोबाइल माझ्यासमोर धरला. कूलंट म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान ३०. आत येणाऱ्या हवेचं तापमान १४.

"पाहा," ते म्हणाले, "रातभर गाडी एकाच जागी उभी. पाणी तेच, लोखंड तेच, हवा तेच. सगळ्याईचा आकडा एक पायजे. पाणी म्हणते तीस, हवा म्हणते चौदा. मे महिन्यात टाकयीत चौदा? अवो, असं असतं तं आमी स्वेटर नसतो घातला?"

माझ्या फोनवरचं हवामान २९ दाखवत होतं. म्हणजे पाणी खरं आणि हवा खोटी. एक रुपयाचा पार्ट न बदलता, रात्रभर थांबून चोर निम्मा सापडला होता. जगभरचे चांगले मेकॅनिक हेच करतात. रात्रभर गार झालेल्या गाडीतले तापमानाचे आकडे एकमेकांशी ताडून बघतात. काही नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर ही तुलना स्वतःच करतो. माझीचा करत नव्हता.

आता दिवा का लागला नाही, ते ऐका. हा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. असा गुण काही पदार्थांत असतो, हे मायकल फॅरेडेला १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना दिसलं होतं. गाड्यांत नेहमी सापडणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा विरोध ० अंशाला सुमारे ५९०० ओहम असतो, २० अंशाला २५००, ४० अंशाला बाराशेच्या आत आणि ८० अंशाला जेमतेम सव्वातीनशे. ईसीयू त्याला ५ व्होल्ट देतो आणि त्यातले किती उरले, यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली तर विरोध अनंत, मग आकडा थेट उणे ४०. वायरी एकमेकींना चिकटल्या तर विरोध शून्य, मग आकडा शंभरच्याही पार. असली टोकाची थाप ईसीयू लगेच पकडतो, पी ०११३ किंवा पी ०११२ असा कोड नोंदवतो आणि दिवा लावतो. पण १४ अंश? महाबळेश्वरच्या थंडीला शोभेल असा अगदी सभ्य आकडा. त्यावर कॉम्प्युटर शंका कशाला घेईल? साफ खोटं पकडलं जातं हो, पटण्यासारखं खोटं खपून जातं.

मला वाटलं, झालं, सेन्सर गेला. नवा आणू, चारशे-पाचशे जातील, सुटलो. मिस्तरी म्हणाले, "थांबा की जरा."

त्यांनी सेन्सरचा प्लग काढला. आकडा उणे ४०. बरोबर. मग प्लगच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. आता आकडा शंभरच्या वर उडायला हवा होता. तो ३३वर जाऊन थांबला.

मिस्तरींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "आकडा आभायाले भिडाले पायजे होता. तेहेतीसवर बसला. म्हणजे सेन्सर मधात नाई, तरी कोणी तरी मधात हाय."

कोडं सुटलं ते तुम्हाला आकड्यांतच दाखवते. सेन्सर काढून त्यांनी मल्टिमीटर लावला, तर सतराशेच्या आसपास ओहम. ३० अंशाला जेवढा हवा तेवढाच. सेन्सर बिचारा शंभर टक्के खरा! पण प्लगमधल्या एका पिनेच्या मुळाशी, जिथे वायर दाबून बसवलेली असते, तिथे पाणी शिरून हिरवट गंज चढला होता. तो गंज स्वतःचे दीड हजार ओहम मिसळत होता. सतराशे अधिक दीड हजार, म्हणजे बत्तीसशे. आणि बत्तीसशे ओहम म्हणजे ईसीयूच्या लेखी १४ अंश.

आणखी एक गंमत. हेच दीड हजार पुण्याच्या पावसाळ्यात, २० अंशाला मिसळले, तर ईसीयूला ९ दिसतात. फरक ११चा. पण वऱ्हाडच्या ४५ अंशांत सेन्सरचा स्वतःचा विरोध हजाराच्या आत उतरलेला असतो. त्यात दीड हजार टाकले की आकडा येतो २०. फरक २५चा! ऊन जितकं वाढेल तितकी थाप मोठी. ४५ अंशांची हवा २० अंशांची मानली, की ईसीयूला खऱ्यापेक्षा साडेआठ टक्के जास्त हवा आल्यासारखी वाटते. ते उणे नऊ तिथून आलं. ठिणगीही गार हवेच्या हिशेबाने लवकर पडत होती, म्हणून चढावरची कटकट. पुण्यात लपलेला आजार वऱ्हाडाच्या उन्हाने बाहेर काढला.

थोडक्यात, फ्युएल पंप बदलला असता तरी काही झालं नसतं. ईसीयू बदलला असता तरी नाही. अगदी नवाकोरा सेन्सर टाकला असता, तरीही आकडा १४च राहिला असता.

मिस्तरींनी गंजलेली पिन कापून नवी बसवली, जोड नीट बंद केला. दोन्ही आकडे ३० वर. सगळा सामान-खर्च एका कटिंग चहात बसेल एवढा. "किती द्यायचे?" विचारलं, तर म्हणाले, "द्या जे द्याचं ते." मी दिलेल्या नोटांपैकी त्यांनी दोन परत केल्या. मी नको म्हटलं, तेव्हा जे बोलले, त्यासाठी हा कॉलम लिहितेय.

"ताई, पार्ट दाखवला की गिऱ्हाइक गुमान पैसे काढते. डोकं दाखवता येत नाही नं."

विचार करा. बिलावर काय असतं? पार्टची किंमत आणि तो बसवायची मजुरी. रात्रभर गाडी ठेवून घेणं, पहाटे सहाला उठून आकडे ताडणं, 'सेन्सर नाही, वायर' एवढं ठरवायला दोन तास घालवणं, यासाठी रकानाच नाही. मग दोन तास डोकं खाजवून दहा रुपयांची पिन शोधणारा मेकॅनिक तोट्यात आणि वीस मिनिटांत हजारोंचा पंप बदलणारा फायद्यात. पुण्याचा तो टायवाला मुलगा लबाड होता, असं मला म्हणायचंच नाही. त्याला टार्गेट होतं, मागे सहा गाड्या उभ्या होत्या आणि 'बदलून बघू' याचेच पैसे मिळत होते. 'बघून बदलू' म्हणणाऱ्याला आपण कोणीच पैसे देत नाही.

आणि हे बघणं सोपं राहिलेलं नाही. मिस्तरी उस्तादाच्या हाताखाली शिकले ते कार्ब्युरेटरच्या जमान्यात. तेव्हा हवा गार की गरम, हे ड्रायव्हरच्या कातडीला कळायचं आणि हात आपोआप चोककडे जायचा. मग इंजेक्शन आलं, कातडीची जागा सेन्सरने घेतली. १ एप्रिल २०१७ला देशभर बीएस-४ लागू झालं, १ एप्रिल २०२०पासून बीएस-६, आणि प्रत्येक पायरीला गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स वाढत गेली. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं बाहेर पडतात, पण पुढे त्यांना काम कुठलं मिळतं? फिटिंगचं. डोकं वापरायची मजुरी मिळणार नसेल, तर विशीतला पोरगा ते शिकेल कशाला? टाकळीच्या त्या शेडमध्ये हाताखाली दोन पोरं होती. दोघांनाही पुण्याला जायचंय. टाय लावून.

खरं तर आपण सगळे याच धंद्यातले. कोड लिहिणारी तू, कॉपी लिहिणारा तो, ऑडिट करणारे तुम्ही, आणि मी. 'दोन ओळींचे एवढे पैसे?' हे वाक्य आपण प्रत्येकाने ऐकलंय आणि घरी येऊन त्यावर बोटं मोडलीत. त्या दोन ओळींमागे चार दिवस होते, हे क्लायंटला दिसत नाही, याचं आपल्याला किती दुःख! मग गॅरेजमध्ये गेल्यावर आपणच 'नुसतं बघायचे पैसे कसले?' असं का विचारतो?

तर या रविवारचा होमवर्क. तुमच्या गाडीत सॉकेट असेल, तर एक साधा स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप पुरतं. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. सकाळी चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचा आकडा, हवेचा आकडा आणि बाहेरचं तापमान, तिन्ही जवळपास हवेत. चार-पाच अंशांचा फरक चालेल. पंधराचा फरक म्हणजे काहीतरी शिजतंय. पिनांमध्ये तार घालायचा उद्योग मात्र स्वतः करू नका. भलत्या पिनेला लागली, तर ईसीयू खरोखरच बदलावा लागेल.

आणि पुढच्या सर्व्हिसिंगला, गाडी सोडताना, दोन वाक्यं बोलायची. पहिलं : 'कुठल्या रीडिंगवरून हा पार्ट बदलायचं ठरलं, ते दाखवाल का?' दुसरं त्याहून महत्त्वाचं : 'तपासायला वेळ लागला तर लागू द्या, त्याचे वेगळे पैसे लावा.' समोरचा दचकेल, कारण हे त्याने आजवर ऐकलेलं नसेल. पण त्यातल्या एखाद्याला तरी गाडीचं बॉनेट उघडून दहा मिनिटं नुसतं बघत बसायची मुभा मिळेल. बिलावरचा तो एक रकाना तुमच्या फ्युएल पंपापेक्षा नक्की स्वस्त पडेल.